नगरिकंन तरस

कट्ट्यावर वाळत घातलंय ते ना? कुरडया कुठल्या आल्यात वहिनी, कीबोर्डाची बटणं आहेत ती. सावलीतच बरी, उन्हात प्लास्टिक वाकडं होतं.

आमच्या ह्यांचा प्रताप, दुसरं काय! वर्तमानपत्राला पत्र धाडल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही. या खेपेला विषय पाण्याचे टँकर. माउस उजवीकडे, म्हणून चहाचा कप कायम डावीकडे; गेला कलंडून. वरवर पुसून पुन्हा लिहायला बसले, तर ‘नागरिकांना त्रास’च्या जागी उमटलं ‘नगरिकंन तरस’!

– अगंबाई! २०२०त कोथरूडात गवा शिरला होता, आता तरस?

हो ना! ह्यांचा कीबोर्ड इन्स्क्रिप्टचा. सरकारनं १९८६ साली ठरवलेला, आपल्या पुण्याच्या सी-डॅकनं पुढे सगळीकडे पोचवलेला. त्यात काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या डाव्या हाताला. ई दाबलं की काना, त्याच्याखालचं डी दाबलं की पाय मोडतो. नेमकी तीच दोन गेली. काना गेला, जोडाक्षर गेलं, त्रासाचा तरस झाला.

हे कीबोर्ड दुरुस्तीला घेऊन निघाले तपकीर गल्लीत. तिथला एक दुकानदार म्हणाला, “काका, चारपाचशेत नवा येतो, दुरुस्त कोण करतं?” ह्यांचा पारा चढला. मी म्हटलं, आधी दुखणं कुठं आहे ते तरी बघू. विंडोजचं बटण, कंट्रोल आणि ओ एकदम दाबलं की पडद्यावर कीबोर्ड येतो. त्यावर माउसनं काना दिला, लगेच उमटला. म्हणजे कॉम्प्युटर बिचारा धडधाकट. दुसऱ्या खाचेत वायर घालून पाहिली, तरी ती दोन बटणं मुकीच.

मग वायर काढून कीबोर्ड उघडला. एक स्क्रू मेला स्टिकरखाली लपवलेला! आत प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे. वरच्या-खालच्यावर चंदेरी रेघा, मधल्याला भोकं. बटण दाबलं की भोकातून वरची रेघ खालचीला टेकते, बस्स. तिथंच चहा वाळून साखरेचा पापुद्रा धरलेला. टेकणार कशी? नुसत्या ओल्या फडक्यानं हलक्या हातानं टिपून घेतलं. खसाखसा घासलं तर रेघाच निघून येतात. अख्खी ओळच्या ओळ गेली असती तर मात्र रेघ तुटलीय किंवा रेघांची टोकं दाबून धरणारी पट्टी सैल झालीय असं समजायचं. बटणं काढण्याआधी फोटो काढून ठेवलाय, नाहीतर बसलो असतो जुळवत.

– आमचाही बिघडलाय हो. बटण दाबून धरल्याशिवाय अक्षरच येत नाही.

लॅपटॉप ना? तो नका हं उघडू, त्याचा कीबोर्ड बऱ्याचदा आत रिबिटांनी ठोकलेला असतो. पण काही सांडलं होतं का? नाही? मग नातू बसला होता का खेळत? उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की फिल्टर कीज नावाची सोय चालू होऊ शकते. पडद्यावर विचारतं तसं, पोरं वाचतात कुठं, दाबतात ‘हो’! सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन बंद करा. नाही जमलं तर ह्यांना पाठवते. चहा मात्र देऊ नका त्यांना, लॅपटॉप मिटेपर्यंत तरी.