पोच कुणाकडं मागायची?

“‘आपली तक्रार यशस्वीरीत्या निकाली काढण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?’” शेजारच्या आबांनी मोबाईल हातभर लांब धरून मजकूर दोन घरांमधल्या भिंतीवरून मोठ्यांदा वाचला आणि विचारलं, “बाई, तक्रार निकालात निघाली म्हणतात. मग डब्यावरचा लाल दिवा का जाईना?”

त्यांच्या घरचं इंटरनेट बंद आहे. गल्लीच्या तोंडाशी गटारीसाठी खणताना जेसीबीनं केबल तोडली, हे अख्ख्या गल्लीनं बघितलंय. गटारीचा कंत्राटदार म्हणतो, आमच्या नकाशात केबलच नाही. कंपनीला फोन लावला की मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबलं की हिंदीत, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग सनईसारखं काहीतरी वाजतं आणि फोन कट. शेवटी एक पोरगा आला, तुटकी केबल बघून गेला. ‘रस्ता खणायची परवानगी आमच्याकडं नाही, काका’ म्हणाला. तरी तक्रार बंद कशी झाली? ते त्यानंच सांगितलं, आबांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, दिलेला चहा पिता पिता. ठरलेल्या वेळात तक्रार बंद दाखवली नाही तर त्याच्या पैशातून कापतात. म्हणून त्याच्या वरचा माणूस आधी बंद दाखवतो आणि काम मागनं बघू म्हणतो. त्याच्याही वर कोण आहे ते पोराला ठाऊक नाही. त्यानं त्या माणसाला कधी पाहिलेलंच नाही, नुसते मेसेज येतात.

“म्हणजे याला शिव्या घालून उपयोग नाही,” आबा म्हणाले. हे ते आदल्या दिवशी त्याला घालून झाल्यावर म्हणाले, ते सोडा.

आबा जिल्हा परिषदेत आवक-जावकला होते. साताऱ्यात अजून काही जण त्यांना ‘आवक आबा’च म्हणतात. कागद आला की शिक्का, शिक्क्यावर तारीख, क्रमांक, आखूड सही, आणि दुसऱ्या प्रतीवर तेच सगळं करून ती तुमच्या हातात. ती पोच घेऊन माणूस घरी जायचा आणि पिशवीत घालून खुंटीला लावायचा. “आमच्याकडं अर्ज गहाळ व्हायचे, नाही म्हणत नाही. पण कुणाच्या टेबलावरनं गहाळ झाला ते कळायचं.”

आता आबांचा काळ सोन्याचा होता असं म्हणायला मी काही बसले नाही. माझी वेतननिश्चितीची फाइल त्याच इमारतीत अशी काही झोपली होती, की तिला उठवता उठवता माझी चप्पल झिजली. पण मी भांडले ते समोर बसलेल्या माणसाशी. आणि अशाच भांडणांतून या राज्यात 2005 साली दप्तरदिरंगाईचा कायदा झाला. फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त टेबलावर राहायची नाही, असं त्यात लिहिलंय. कायदा आजही आहे. फक्त आता टेबल सापडत नाही.

आमचं हे चाललेलं असताना काकू मेथी निवडायची परात घेऊन भिंतीशी आल्या. काकू आल्या म्हणजे विषय वाढणार. “त्या मावशींचं काय झालं वो बाई?”

मावशी म्हणजे आमच्याकडं भांड्याला येतात त्या. लाडकी बहीण योजनेच्या 1500 रुपयांसाठी 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसी निघाली. स्वतःचं आधार टाका, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं टाका, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी जाईल, तो सांगा. मावशींचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, वडील त्याच्याही आधी गेले. सेतू केंद्रातला मुलगा म्हणाला, यातलं एक भरल्याशिवाय पान पुढं सरकत नाही. मावशी त्याला म्हणाल्या, “मग ओटीपी वरनं मागवू का?” रांगेतल्या सगळ्या हसल्या. पुढं सरकारलाही कळलं की राज्यात विधवा, घटस्फोटित बायका आहेत. मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडीच्या ताईंकडं द्या, असं निघालं. तोवर त्या मुलाच्या काउंटरवर आणि अंगणवाडीच्या दारात जी भांडणं व्हायची ती होऊन गेली.

आणि त्या ई-केवायसीतला तो प्रश्न! घरातलं कुणी सरकारी नोकरीत नाही, हे ‘होय’ म्हणून सांगायचं. माझं आयुष्य मुलांना प्रश्न घालण्यात गेलं. चौथीच्या पेपरात असा प्रश्न मी घातला असता तर मुख्याध्यापकांनी पेपर परत केला असता. कित्येक जणींनी सरळ मनानं ‘नाही’ दाबलं आणि पोर्टलच्या लेखी त्या सरकारी नोकरांच्या घरच्या झाल्या.

“आणि बाप्ये?” काकूंनी देठ खुडला. “बाप्यांनी पण घेतले म्हणं की पैसे.”

घेतले. त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जुलै 2025 मध्ये सांगितलं, 26 लाख 34 हजार लाभार्थी अपात्र दिसतायत, आणि त्यात काही ठिकाणी पुरुषांचेही अर्ज आहेत. म्हणजे विधवेनं नवरा मेल्याचं सिद्ध करायचं, आणि बाप्याला बाई असल्याचं कुणी विचारलं नाही. योजना आली जून 2024 च्या अर्थसंकल्पात, विधानसभेचं मतदान झालं नोव्हेंबरात. तेव्हा कुणी कागद निरखून बघितला नाही. पंगतीत वाढून झालं आणि हात धुताना आमंत्रणपत्रिका मागितली. मला 1500 बद्दल काही म्हणायचं नाही, मावशींची औषधं त्यातून येतात. पण 2100 देऊ म्हणून जाहीरनाम्यात छापणाऱ्यांपैकी एकही जण त्या रांगेत ताईंशेजारी बसलेला मला दिसला नाही.

“मीटरचं सांगा की त्यांना,” आबांनी काकूंना आठवण करून दिली.

भर दुपारी काकू एकट्या असताना दोन पोरं मीटर बदलायला आली. काकूंनी विचारलं, हा स्मार्ट मीटर का? पोरं म्हणाली, नाही मावशी, हा टीओडी मीटर. काकू पेपर रोज वाचतात, शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत. स्मार्ट प्रीपेड मीटर सर्वसामान्य ग्राहकांना बसवणार नाही, असं तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून 2024 मध्ये सांगितलं होतं, हे त्यांना पाठ. निवडणूक झाली आणि मीटर नवं नाव घेऊन दारात आला. प्रीपेड नाही, पोस्टपेड आहे, एवढा फरक झाला खरा. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज वापरली तर युनिटमागं 80 पैशांपासून रुपयापर्यंत सवलत आहे, हेही खरं. “पण नऊ ते पाच माझ्या घरात काय चालू असतं?” काकू म्हणाल्या. “एक पंखा. तोही ह्यांच्यावर.”

काकूंनी त्या पोरांकडं लेखी मागितलं. पोरं म्हणाली, आम्ही ठेकेदाराची माणसं, आम्हाला मीटरमागं पैसे मिळतात. पुन्हा तेच. ज्याला विचारायचं तो येत नाही, आणि जो येतो त्याला विचारून उपयोग नाही.

गल्ली कुणी खणली, केबल कुणी जोडायची, हे विचारायला पूर्वी निदान नगरसेवक असायचा. तो लग्नाला यायचा, मयताला यायचा, आणि रस्त्यात गाठला की ‘उद्या बघतो’ तरी म्हणायचा. राज्यातल्या बहुतेक नगरपालिका आणि जिल्हा परिषदांवर 2022 पासून प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, निवडणुका लांबणीवर. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं तेव्हा डिसेंबरात कुठं नगरपालिकांचं मतदान सुरू झालं. त्या मधल्या काळात आमदारांनी पक्ष बदलले, पक्षांनी चिन्हं बदलली, एकाचे दोन झाले. आबांना कुणी विचारलं, कुठल्या पक्षाचे, की ते म्हणतात, आज का काल?

तेवढ्यात पुण्याहून आलेला काकूंचा भाचा दारात येऊन उभा राहिला. हिंजवडीत आयटीत होता. ‘होता’ म्हणायचं आता. पोरगं बारीक झालंय, दाढी वाढलीय. त्याच्या कंपनीचं नाव घेत नाही, त्याचे कागद अजून तिच्याकडं अडकलेत. प्रोजेक्ट संपलं, बेंचवर, म्हणजे कामाविना बसला. एक दिवस स्क्रीनवर मीटिंग लागली. समोर एचआरची मुलगी, त्याच्याच वयाची. स्वतः राजीनामा दिलास तर रिलीव्हिंग लेटर चांगलं मिळेल, नाही दिलास तर आम्ही काढू आणि ते पुढच्या नोकरीत दिसेल. त्यानं विचारलं, मला काढायचं ठरवलं कुणी? ती म्हणाली, हा मॅनेजमेंटचा निर्णय आहे. मॅनेजरला फोन केला, तो म्हणाला, मला पण आजच कळलं. संध्याकाळी लॅपटॉप उघडेना. डेस्कवरचा फोटो आणि मग आणायला गेला तर गेटवर कार्ड चालेना. सिक्युरिटीवाला ओळखीचा, कराडकडचा. तो बिचारा म्हणाला, “सर, माझ्या हातात काय आहे का?”

एकट्याची गोष्ट नाही ही. देशातली सगळ्यात मोठी आयटी कंपनी टीसीएस. तिनं जुलै 2025 मध्ये सांगितलं, दोन टक्के माणसं, म्हणजे 12 हजारांवर, कमी करणार. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत तिचा आकडा प्रत्यक्षात 19,755 नं खाली आला. त्याआधी जूनमध्ये नियम आला होता, वर्षात 225 दिवस ग्राहकाला बिल लागलं पाहिजे आणि बेंचवर 35 दिवसांच्या वर बसायचं नाही. प्रोजेक्ट आणायचं काम त्या पोरांचं असतं का? ते ज्यांचं असतं त्यांच्या बेंचचे दिवस कोण मोजतं ते मला कुठं वाचायला मिळालं नाही.

“आणि तो नव्वद तासवाला?” काकूंच्या लक्षात सगळं असतं.

लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन. आठवड्याला 90 तास काम करा, रविवारीही या, घरी बसून बायकोच्या तोंडाकडं किती वेळ बघणार, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं जानेवारी 2025 मध्ये बाहेर आलं. त्यांचा 2023-24 चा पगार 51 कोटी, कंपनीतल्या मधल्या माणसाच्या पगाराच्या पाचशे पटींहून जास्त. काकूंचं उत्तर तयार होतं: “तोंडाकडं बघायचं नसलं तर भांडी घासा म्हणावं, मान खाली राहती.”

मला राग रविवारचा आला. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना गोळा करून वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या, सभा केल्या, तेव्हा 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी पदरात पडली. त्यांना निदान गिरणीमालक कोण ते माहीत होतं. आणि आपल्या मंत्रिमंडळानं 3 सप्टेंबर 2025 ला कारखान्यांतला दिवस नऊ तासांवरून बारापर्यंत नेता येईल अशा दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा तशीच आहे म्हणतात. बारा तास उभं राहणाऱ्याला ते कागदावर समजावून सांगा.

भाचा गप्पच होता. मग म्हणाला, “मावशी, त्या एचआरच्या पोरीला पण पुढच्या महिन्यात काढलं.”

यावर काकू काही बोलल्या नाहीत. आबा मात्र आत जाऊन फुलस्केप कागद घेऊन आले. कंपनीला रजिस्टर एडीनं अर्ज पाठवायचा म्हणाले. मी सांगितलं, आबा, रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. त्यांचा चेहरा घरातलं माणूस गेल्यासारखा झाला. स्पीड पोस्टालाही पोच घेता येते म्हटल्यावर थोडे सावरले.

तर तुम्हीही अशीच पोच मागा. इंटरनेट किंवा फोनची तक्रार परस्पर बंद केली, तर तिथं थांबू नका. ट्रायच्या 2012 च्या नियमांप्रमाणं कंपनीत अपील प्राधिकरण आहे, अपील फुकट आहे आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. बाकी वस्तू-सेवांसाठी 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे. तक्रार क्रमांक वहीत लिहा, स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, कोऱ्या राजीनाम्यावर सही करू नका. आणि केबलवाला पोरगा, मीटरवाली पोरं, सेतूतला मुलगा, अंगणवाडीच्या ताई, यांच्यावर ओरडू नका. त्यांच्या हातात काही नाही म्हणूनच त्यांना तुमच्या दारात पाठवलंय.