म्हणजे आपलं पिठलंच की!

दौंडच्या रेल्वे कॉलनीमागच्या आळीत अण्णा राहतात. वय सत्तरीला टेकलेलं, बत्तीसपैकी एकोणीस दात शाबूत, आणि त्या एकोणिसांवर त्यांनी आजवर जे जे लादलं ते पाहता तेवढे तरी जागेवर कसे राहिले, हेच नवल. अण्णांना घरचा दोडका चालत नाही. दुसऱ्याच्या घरचा चालतो. ते घर जितकं लांब, तितका दोडका गोड.

काकूंनी यावर फार पूर्वीच तोड काढली. दोडक्यात चमचाभर खसखस वाटून घालतात आणि ताट समोर ठेवताना नुसतं म्हणतात, "बंगाल्यांचं हाय." अण्णा दोनदा मागून घेतात. बंगालात दोडका खसखशीत करतात, हे खरंच आहे. काकूंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी आपलं कपाटात उरलेली खसखस संपवली होती.

अण्णा रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे पॉइंट्समन. दौंडच्या बाहेरच्या माणसाला या नोकरीतली गंमत कळायची नाही. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात आली की उलट्या तोंडी पडायची. पुढचं इंजिन सोडायचं, वळसा घालून शेपटाकडे न्यायचं, तिथे जोडायचं, की शेपूट तेच तोंड. यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जायची. प्रवासी वैतागायचे, मग कंटाळायचे आणि मग डबे उघडायचे. अण्णा कपलिंग सोडून हात पुसत फलाटावर यायचे ते नेमके याच वेळी.

झेलममध्ये जम्मूकडे निघालेले फौजी, आझाद हिंदमध्ये हावड्याचे बंगाली, गोवा एक्स्प्रेसमध्ये खोबऱ्याचा वास. अण्णांच्या हातात स्वतःचा डबा: बाजरीची भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा. मागायचं कधीच नाही, आधी द्यायचं, हा त्यांचा नियम. "पाहुणं, जरा चव बघा आमची." ठेच्यानं फौजीच्या डोळ्यांना धारा लागायच्या आणि त्या धारांमागून पराठा यायचा, सोबत आंब्याचं तेलकट लोणचं. बत्तीस वर्षं हा व्यवहार चालला. रेल्वेच्या कुठल्याही वहीत त्याची नोंद नाही. रनिंग रूमवर तर पर्वणीच, कारण तिथे सोलापूरचा ड्रायव्हर आणि मनमाडचा गार्ड आपापल्या लाइन बॉक्समधून शेंगाचटणी नि खानदेशी वांगं काढून बसलेले असायचे.

आता या गाड्या दौंडच्या फलाटावर येतच नाहीत. गावाबाहेरून कॉर्ड लाइन झाली, इंजिन फिरवायचं काम संपलं, देशाची वीस मिनिटं वाचली. रेल्वेच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच झालं. अण्णा मात्र कॉर्ड लाइनचं नाव असं घेतात, जसं एखाद्यानं भावकीतल्या बांध कोरणाऱ्याचं घ्यावं.

खाण्याची त्यांची एक रीत आहे. पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचे, तीनदा चावायचा, आणि निकाल द्यायचा. निकालाची वाक्यरचना ठरलेली. मोमो खाल्ले: "म्हणजे गूळ घालायचा राहिलेला मोदकच की!" रांजणगावच्या एमआयडीसीत बिहारी कामगारांच्या गाडीवर लिट्टी खाल्ली: "म्हणजे निखाऱ्यात विसरलेली भाकरीच की!" पास्ता: "म्हणजे आपल्या चकोल्याच की, वरण तेवढं लाल केलंय." पुण्यात कृषी पदवीला असलेल्या नातीनं एकदा हमस आणलं. अण्णांनी बोटानं चाटलं, डोळे मिटले. घर थांबलं. "म्हणजे आपलं पिठलंच की! गार झालेलं."

आणि पिठलं म्हणाल तर तेही घरचं नको. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी असते तेव्हा अख्खं गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी घालतं. अण्णा दर वर्षी त्या पंगतीला हजर. माळ नाही, टाळ नाही. एकदा काकूंनी विचारलं, "घरी पिठलं केलं की नाक मुरडता, मग तिथं काय सोनं घालत्यात?" अण्णा म्हणाले, "तिथं कुणी केलंय ते माहीत नसतंय." मला हे उत्तर फार वर्षं पुरलं.

एकदा मीच विचारलं, की अण्णा, हे खूळ आलं कुठून? ते म्हणाले, "मास्तर, वास आमच्या घरात यायचा, बोलावणं यायचं नाही." त्यांचे वडीलही रेल्वेतच. चाळीसमोर ड्रायव्हर लोकांचे बंगले, त्यांत अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडची कुटुंबं. नाताळात तिकडून केकचा वास यायचा, रविवारी व्हिनेगरमध्ये मुरलेल्या मटणाचा. अण्णांची आजी नाकाला पदर लावून खिडकी लावून घ्यायची. बंद खिडकीआड बसून पोरानं तो वास तोंडपाठ केला.

नातीनं मात्र अण्णांचा पार घोटाळा करून टाकला. गावातल्या चायनीजच्या गाडीवर ते तीस वर्षं मंचुरियन खात आले होते, चीनला जाऊन आल्याच्या रुबाबात. तिनं सांगितलं, की मंचुरियन मुंबईचं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लबात ते पहिल्यांदा केलं असं सांगतात, चीनमध्ये ते कुणी ओळखत नाही. अण्णांचा चेहरा पडला. "म्हणजे मी तीस वर्षं मुंबईचंच खाल्लं?" मुंबई म्हणजे काय, पुण्याहून डेक्कन क्वीननं तीन तास!

पुढची आषाढी आली. काकूंनी उपासाचं ताट मांडलं आणि नातीनं त्यावर बोट ठेवत गणती सुरू केली. साबुदाणा ज्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच, नावसुद्धा पोर्तुगीजांनी दिलेलं. शेंगदाणा तिकडचा, मिरची मेक्सिकोची, राजगिराही तिथलाच. एकटी भगर तेवढी इथली. काकू विठ्ठलाच्या तसबिरीकडे बघत राहिल्या. अण्णांना मात्र आनंद मावेना. "बघ, आणि तू मला परमुलखी म्हणतीस! तुझा पांडुरंग तर परदेशी फराळावरच हाय." मग त्यांनी विचारायला नको होतं ते विचारलं. "आणि आपली बाजरी?" "आफ्रिकेची, अण्णा. ज्वारीसुद्धा. काही हजार वर्षांपूर्वी आली." अण्णा पानावरून उठले नाहीत, पण त्या दिवशी निकालही दिला नाही.

किमचीचं प्रकरण त्यानंतरचं. अण्णांचे जावई शिरूरला राहतात, रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत. तिथे कोरियन कंपन्या आहेत, त्यामुळे त्यांचं उठणंबसणं कोरियन साहेबांत. जावयांकडून अण्णांनी कृती लिहून घेतली: कोबी मिठात मुरवायचा, लसूण-आलं-मिरची चोळायची, दडपून ठेवायचा. चिनी कोबी कुठला मिळायला? बाजारातला आपला गोल गड्डा घेतला. बरणी काकूंची, कैरीच्या लोणच्याची. वैशाख होता. चौथ्या दिवशी दुपारी झाकण उडून फळीवर आपटलं आणि आळीत वास सुटला. समोरच्यांनी गटार तुंबलं म्हणून नगरपालिकेला फोन केला. काकू एवढंच म्हणाल्या, "बरणी गेली माझी." अण्णांनी त्यातूनही एक फोड उचलली, डोळे मिटले, आणि कौतुकानं म्हणाले, "म्हणजे आपलं लोणचंच की! फक्त चिडलेलं."

या पराक्रमाची कथा जावयांनी कंपनीत सांगितली आणि एका कोरियन साहेबांना सासऱ्यांना भेटायची इच्छा झाली. आडनाव किम. कोरियात पाचात एकाचं आडनाव किम असतं म्हणे, तेव्हा यावरून कुणी त्यांना शोधायला जाऊ नये. जेवण शिरूरला, लेकीकडे, रविवारी. अण्णांनी मला मागे बसवलं आणि स्कूटर काढली.

पाटस गेलं. चौफुल्याला लोक लावणीसाठी थांबतात, अण्णा पुढच्या गुऱ्हाळावर थांबले, कारण तिथल्या उत्तर प्रदेशी गुळव्यांची उडदाची डाळ उकळत होती. ("म्हणजे आपलं घुटंच की!") केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनपाशी त्यांनी वेग कमी केला. १८९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो बायका-पोरी इथे आणल्या, पुढे गुजरातेतल्याही आल्या, गोऱ्या मडमा होत्याच. इतिहास माझ्या मनात, अण्णांच्या मनात स्वयंपाकघर. "मास्तर, तिथं पहिल्या दिवशी शिजलं काय असंल वं?" पारगावचा पूल ओलांडून न्हावऱ्यावरून आम्ही शिरूरला पोचलो.

लेकीनं ताट घातलं होतं ते खास आमच्या भागातलं: चुलीवरची ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठलं आणि मासवडी. मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, कांदा-लसूण भरायचा, गुंडाळी करायची, वड्या पाडायच्या, वर झणझणीत रस्सा. अण्णांवर जन्मात पहिल्यांदा आपलं ताट दुसऱ्यासमोर मांडून त्याच्या तोंडाकडे बघत बसायची पाळी आली होती. फलाटावर हे कधी करावं लागलं नव्हतं. तिथे गाडी सुटायची.

किमसाहेबांनी मासवडीचा तुकडा उचलला. डोळे मिटले. तीनदा चावला. चेहरा उजळला आणि ते काहीतरी बोलले. जावयांनी मराठी केलं: "ते म्हणतात, म्हणजे हे आमचं किंबापच की! ते पण गुंडाळून असंच कापतात. आत भात असतो."

अण्णा हसले. पण फक्त ओठांनी.

साहेबांनी हिरव्या मिरचीचा ठेचा घेतला. पाणी मागितलं नाही, हा पहिला घाव. "म्हणतात, आमच्याकडेही हिरवी मिरची अशीच वाटलेल्या सोयाबीनमध्ये बुडवून खातात. तीच चव." अण्णांचा हात मांडीवर घट्ट झाला. मग भाकरी. या वेळी साहेब बराच वेळ गप्प राहिले, आणि बोलले ते हळू. जावईसुद्धा जरा थांबून म्हणाले, "त्यांची आजी ज्वारीच्या पिठाची धिरडी करायची. आत लाल कडधान्याचं गोड पुरण. आजी गेल्यावर घरात कुणी केली नाहीत. म्हणतात, आज तोच वास आला."

लेकीनं पदरानं डोळे टिपले. अण्णा ताट बाजूला सारून हात धुवायला उठले.

परतीच्या वाटेवर न्हावरं येईस्तोवर ते एक अक्षर बोलले नाहीत. मग एकदम वाऱ्यावर ओरडले, "मासवडीत भात कुठाय?" मी म्हणालो, नाही. "सोयाबीन ठेच्यात कुणी घालतंय?" नाही. "चवीतलं काही कळत नाही त्या माणसाला. चांगला हाय, पण कळत नाही. आमची मासवडी ती मासवडी, उगं कशाला कशाची जोड द्यायची!" मी मागच्या सीटवर होतो, त्यामुळे माझा चेहरा त्यांना दिसला नाही.

पारगावच्या पुलावर त्यांनी स्कूटर उभी केली. खाली भीमा होती, पाण्यावर जलपर्णी. अण्णा कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिले.

"मास्तर, त्याची आजी पीठ ज्वारीचं घ्यायची म्हणाला ना?"

"हो."

"आत गोड पुरण?"

"हो."

"तव्यावर?"

"तव्यावरच असणार."

अण्णांनी डोळे मिटले. तोंडात काही नव्हतं, तरी जबडा तीनदा हलला.

"म्हणजे आपली..." एवढं म्हणाले, आणि किक मारली.