हजाराचा फरक

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला दोन सवयी जडतात. एक, पेनला दोरी बांधायची. दुसरी, दिवसाअखेर रुपयाचा जरी फरक राहिला तरी घरी न जायची. निवृत्तीनंतर पहिली सुटली, कारण घरात पेन पळवणारं कुणी नाही. दुसरीने मात्र गेल्या मे महिन्यात, साताऱ्याला ताईकडे गेलो असताना, पुन्हा उचल खाल्ली.

निमित्त भाचीचं. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. मेडिकलच्या काउंटरवर बिलं करते, महिना ९,००० मिळतात. सीईटी देऊन बसली होती. "मामा, बी.एड. करू का?" एवढंच तिने विचारलं.

"कर की! विचारायचंय काय त्यात?" दाजी म्हणाले. दाजी झेडपीच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या वेळी डी.एड.चा निकाल आणि नेमणुकीची ऑर्डर यांत पोस्टमनच्या सायकलीएवढंच अंतर असायचं. पुढे तर डी.एड.ला लग्नाच्या बाजारात सोन्याचा भाव आला. मुलगी काळी की गोरी हे दुसऱ्या बैठकीत निघायचं, पहिल्या बैठकीत 'डी.एड. झालंय का?'

मी म्हटलं, "दाजी, थांबा. आधी एक कागद आणा."

मधोमध रेघ मारली. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. नावे बाजू भाचीने मैत्रिणीला फोन करकरून भरली. फी वर्षाची ३५,०००. पूर्वी बी.एड. एका वर्षात उरकायचं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं, म्हणजे फीचे ७०,०००. एसटीचे २०,०००. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून एवढ्यावर भागतं. अख्ख्या कागदावर न मागता मिळालेली सवलत तेवढी एकच. टाचणवह्या, तक्ते, झेरॉक्स यांचे ११,५००. कॉलेजच्या ठरलेल्या रंगाच्या दोन साड्या, १,४००. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आणि पुढच्या परीक्षांच्या अर्जांचे ६,१००. झाले १,०९,०००.

त्याखाली मी लिहिलं : मेडिकलमधला न मिळालेला पगार, २४ महिन्यांचा, २,१६,०००.

दाजी उसळले. "जो मिळालाच नाही तो खर्चात कसा धरता?"

"धरावा लागतो, दाजी. हिशेबाचा नियम आहे."

"मग माझाही तीस वर्षांचा न मिळालेला पगार मांड," स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. आम्ही दोघांनी तो विषय तिथेच मिटवला. कागद तेवढा मोठा नव्हता.

एकूण नावे ३,२५,०००. आकडा कसा देखणा, गोल आला.

जमेच्या बाजूला मात्र व्याकरण आडवं आलं. आपल्याकडे शिक्षकाचा पगार तो काय शिकवतो, कसं शिकवतो यावर नसतो. शाळेला कुठलं विशेषण लागलंय यावर असतो. अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित. एके काळी 'कायम विनाअनुदानित' असंही एक होतं. २००९ साली सरकारने त्यातला 'कायम' तेवढा खोडला. मराठीतला एक शब्द खोडल्यावर इतक्या घरांत आनंद झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. शब्द गेला, पैसे मात्र लगेच आले नाहीत. ते पुढे वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी यायला लागले. "आमची शाळा वीस टक्क्यांवर आली," असं शिक्षक सांगतात तेव्हा घरातलं आजारी माणूस पेजेवर आल्यासारखा सूर असतो.

आधी आम्ही साध्या खासगी शाळेचा हिशेब धरला. मैत्रिणीला तिथे महिना ७,००० मिळतात, आणि मे महिना कोरडा. मी वर्षाचे ७७,००० धरून भागाकार केला. "सव्वाचार वर्षांत वसूल," मी सांगितलं. भाची मुकाट्याने कागदाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "मामा, पण मेडिकलमध्ये तर नऊ मिळतात ना? मग शाळेत गेल्यावर दर महिन्याला दोन हजार आणखी नाव्यातच पडणार."

गणितवाल्या मुलीपुढे हिशेब मांडू नये. बरोबरच होतं तिचं. असं कर्ज मी आयुष्यात पाहिलं नव्हतं : हप्ते भरत जावं आणि मुद्दल वाढत जावं. बँकेत असं खातं आम्ही बुडीतात काढलं असतं आणि ज्याने मंजूर केलं त्याची बदली केली असती.

अनुदानित जागेसाठी काही ठिकाणी संस्थेला 'विकासनिधी' द्यावा लागतो, म्हणून आमच्या ओळखीतल्या एकाने दीड एकर विकली. तो रकाना मी आखलाच नाही. ठेव म्हणावी तर व्याज नाही, कर्ज म्हणावं तर पावती नाही.

राहिला सरळ मार्ग, सरकारी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलचा. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी आधी टीईटी, दीडशेपैकी नव्वद हवेत. मग अभियोग्यता चाचणी, दोनशे गुणांची. तिच्यात पास-नापास नसतं. गुण पडतात आणि माणूस वाट बघायला लागतो. लागली नोकरी, तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. ही योजना २००० सालची. माध्यमिकच्या सेवकाला तेव्हा महिना ४,००० मिळायचे, पुढे ८,००० झाले, जानेवारी २०२३ पासून १८,००० आहेत. 'शिक्षक' म्हटलं की वेतन द्यावं लागतं, 'सेवक' म्हटलं की मानधनावर भागतं. शब्द शोधणाऱ्याला माझा नमस्कार. असा माणूस आमच्या कर्जविभागात हवा होता.

आता भाचीच्याच पद्धतीने हिशेब केला. अठरातून मेडिकलचे नऊ गेले, राहिले नऊ. छत्तीस महिन्यांचे ३,२४,०००. नावे ३,२५,०००. म्हणजे सेवकाची तीन वर्षं संपताना बी.एड. जवळजवळ फिटतं आणि मग ३८,६०० मूळ पगाराची श्रेणी सुरू होते. दाजींनी मांडीवर थाप मारली. माझं मात्र लक्ष त्या हजारावर. हजाराचा फरक! रात्री दहापर्यंत मी बेरजा तपासत होतो.

"अरे, निकाल लागल्यापासून ऑर्डर येईपर्यंतचं काय?" ताईने पानं घेता घेता विचारलं. मी 'वाट पाहणे' असा रकाना आखला आणि रिकामा ठेवला. मे २०१२ मध्ये भरती बंद झाली तेव्हा पदवी घेतलेली पोरं आठवली. अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. या रकान्यात महिने लिहायचे की वर्षं, तेच ठरेना.

आणि नोकरी लागली म्हणजे परीक्षा संपल्या असंही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवकाश असलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. माझ्या शेजारच्या बाई सत्तेचाळिशीत बालमानसशास्त्र पाठ करताहेत. त्याच टेबलावर त्यांचा मुलगा बारावीचा अभ्यास करतो, आणि "आई, मनातल्या मनात वाच" म्हणून त्यांना दटावतो. दाजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "सुटलो मी वेळेत." पेन्शन लागल्याचाही इतका आनंद त्यांच्या तोंडावर दिसला नव्हता.

भाचीने बी.एड.ला नाव घातलं. माझ्या कागदाचा तिच्या निर्णयावर काडीचा परिणाम झाला नाही, आणि मला, खरं सांगायचं तर, त्याचं बरंच वाटलं.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. सराव पाठ सुरू झाले होते. सहावीचा वर्ग, घटक नफा-तोटा. पोरं बिलंदर. छात्राध्यापिका येतात-जातात, पोरं तीच. त्यांना प्रस्तावनेच्या प्रश्नांची उत्तरं प्रश्नाआधीच पाठ असतात. भाचीने टाचण लिहिलं, पण शैक्षणिक साधन सुचेना. शेवटी तिने माझा तो कागद कार्डशीटवर उतरवून फळ्यावर टांगला. नावे लाल, जमा हिरवी.

"पोरांना समजलं का?" मी विचारलं.

"चांगलं समजलं, मामा. एक जण उठून म्हणाला, बाई, मग तुम्ही मेडिकल का सोडलं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"तेवढ्यात घंटा झाली. मी तो प्रश्न गृहपाठात घातला."

पाठ बघायला मागच्या बाकावर बसलेल्या प्राध्यापकांनी निरीक्षण वहीत शेरा मारला होता : 'उदाहरण दैनंदिन जीवनातील. फलकलेखन सुवाच्य. हिशेबात हजार रुपयांचा फरक, तो दुरुस्त करावा.'

मी विचारलं, कार्डशीट केवढ्याला पडलं? तीस रुपये, ती म्हणाली. कागद काढून नावे बाजूला चढवले. फरक आता १,०३०.