टिटवीची परवानगी

कन्हानच्या काठी, रामाकोन्याच्या शिवारात गव्हाला पाणी सोडलं की दोन जमाती हमखास उतरतात: बगळे आणि कॅमेरेवाले. बगळ्यांचं येणं समजतं. ओल चढली की किडे वर येतात. दुसरी जमात नागपूरकडून येते. रामाकोन्याचा सौंसर तालुका २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्ह्यात गेला, हे तिच्या गावी नसतं. पण ६०० मिलिमीटरची लेन्स केवढ्याला पडली, हे आपल्याला पहिल्याच चहात कळतं.

अंगावर झाडपाल्याचे छापे, तोंडाला जाळी. शेजारी गडी अनवाणी, डोक्याला लालभडक दुपट्टा बांधून दारं धरतो. बगळा त्याच्या फावड्याला खेटून चालतो आणि झुडपातले 'अदृश्य' साहेब जरा हलले की उडतो.

टिटवीची कथा और. आभाळ पडेल म्हणून पाय वर करून निजते म्हणतात, एवढी काळजीवाहू. अंडी मात्र धुऱ्यालगत उघड्यावर, बहुधा चार, मातीच्या रंगाची. गड्याला जागा ठाऊक. तो पाणी वळवून नेतो. साहेब 'नैसर्गिक वर्तन' टिपायला तिकडंच सरकतात. ती गळा फाडून डोक्यावर घिरट्या घालते. फोटोखाली ओळ येते: 'निसर्गाचं संगीत'.

"भाऊ, जरा हुसकाव ना, उडताना पाहिजे."

"काऊन हुसकावू? थे काई खात नाई माह्यं. तुमीच सरका बाजूले, पाणी येऊन राह्यलं."