साखरेचा उतारा

गळीत हंगाम लागला की कोल्हापूरच्या हवेलाही शुगर होते. बावड्याकडून वारा सुटला तर मळीचा आंबूस-गोड वास थेट घरातल्या पडद्यांत येऊन बसतो, आणि उसाने लादलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या मधोमध अशा तोऱ्यात डुलत जातात, की हॉर्न वाजवणाऱ्याला आपणच उद्धट वाटावं. शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी शाहूपुरी वसवली आणि तिथली गुळाची पेठ नावारूपाला आली. पुढे भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला काढलं आणि उसाला पाणी मिळालं. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. गोड पिकवायचं, गोड तोलायचं आणि उरलेलं पाहुण्याच्या ताटात आग्रहाने वाढायचं, हा इथला पिढीजात उद्योग. अशा गावात राहून उपाशीपोटीची साखर ८० ते १३० च्या मधे ठेवायची, म्हणजे श्रावणात पंचगंगेच्या घाटावर उभं राहून धोतर कोरडं ठेवण्यासारखं आहे.

बोटाने साखर ओळखणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो डॉक्टर नव्हता. आत्तीच्या गावच्या गुऱ्हाळावरचा तो गुळव्या होता. चुलवाणात चिपाडं धडाडत असायची, काहिलीत रसाचा सोनेरी डोंब उसळत असायचा, वर आलेली मळी झाऱ्याने काढली जायची, आणि हा काठाशी गप्प उभा. मधेच थंड पाण्यात बोटं बुडवायचा, उकळत्या पाकाचा थेंब उचलायचा, पुन्हा पाण्यात नेऊन त्याची गोळी वळायचा. चिमटीत ती दाबून पाहताना त्याच्या चेहऱ्यावर मला कुलदैवताचा कौल घेणाऱ्या पुजाऱ्याची तंद्री दिसायची. क्षणभर उशीर झाला तर गूळ काळवंडणार, घाई केली तर रवा धरणार नाही. तो मान हलवायचा आणि चार माणसं काहील वाफ्यात ओतायला धावायची. आज पहाटे मीही तसाच बोट पुढे करून बसतो, टोकाला नव्हे, कडेला टोचतो, कारण टोकाला दुखतं जास्त. थेंब पट्टीने ओढून घेतला की काही सेकंद मीटर विचार करतं. फरक एवढाच, की माझ्या निकालावर धावायला कोणी येत नाही. इन्सुलिनचं पेन तेवढं फ्रीजच्या बाजूला वाट बघत असतं.

टोचण्याआधी हात धुवावेत, असं पट्ट्यांच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ही ओळ मार्केट यार्डासाठीच लिहिली असावी. आमच्या शेजारचे दिवाणजी गुळाच्या अडतीवर बसतात; सौद्याच्या वेळी या रव्याचा टवका काढ, त्या रव्याचा रंग बघ, हेच त्यांचं काम. एकदा त्यांनी घरी येऊन बोट टोचलं आणि मीटरवर ३८० आला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. कोणीतरी हात धुवायला लावले, दुसरं बोट टोचलं, आकडा आला १४२. दिवाणजी मात्र जरासे खट्टू झाले. "म्हणजे ते सगळं बोटावरच हुतं?" आयुष्यभराचा व्यवसाय रक्तात उतरलाय, असं त्यांनी मनोमन धरलं असावं.

मामांचा प्रश्न वेगळा. ते ऊस तोडायच्या आधी कांडीतून थेंबभर रस ब्रिक्समीटरच्या काचेवर घेतात आणि एक डोळा मिटून उजेडाकडे बघतात. उसाचा एफआरपी ठरवताना १०.२५ टक्के उतारा पाया धरतात आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला दर वाढतो, हे त्यांना झोपेतही पाठ. त्यामुळे माझी साखर २४० झाली हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर आधी कौतुकच उमटतं, काळजी मागाहून येते. मीटर कितपत खरं बोलतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मामा, प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडेतिकडे चालतं, तेवढी मुभा प्रमाणकातच दिलीय. मामांनी दीर्घ सुस्कारा सोडला. काट्यावर ट्रॉली चढवताना जो संशय त्यांच्या डोळ्यांत असतो, तोच आता त्या आगपेटीएवढ्या यंत्राकडे वळला. "मग काटा मारतंय की ते!"

डॉक्टरांनी हिशेब शिकवला तो ऐकायला सोपा होता. पाचशेला दिवसाच्या एकूण युनिटांनी भागायचं. ४० युनिटं लागत असतील तर साडेबारा. म्हणजे एक युनिट साधारण बारा ग्रॅम कर्बोदकांचा समाचार घेणार. मग ताटातली कर्बोदकं मोजायची आणि तेवढी युनिटं जेवणाआधी घ्यायची. तक्त्यात लिहिलेलं असतं, 'एक मध्यम भाकरी'. करवीर तालुक्यात मध्यम भाकरी अजून कोणी थापलेली नाही. आत्तीची भाकरी तव्याच्या काठापलीकडे डोकावते, आणि ती एक संपते न संपते तोच दुसरीचा पापुद्रा ताटावर वाफ सोडत उतरतो. पांढऱ्या रश्श्याचं मला भय नाही, त्यात साखर नावालाच. भय असतं ते 'एवढ्यानं काय हुतंय' या वाक्याचं. काकवीची पळी ताटात कलंडते, आणि ती पळी किती ग्रॅमची हे जगातला कुठलाही तक्ता सांगत नाही.

बरं, ताट आवरलं तरी आग्रह आवरत नाही. रात्री ११० वर झोपलेला माणूस पहाटे १७० वर उठतो. मधल्या वेळात कोण जेवून गेलं? पहाटे शरीरातली काही संप्रेरकं जागी होतात आणि यकृत साठवणीतली साखर रक्तात सोडतं, असं त्याचं शास्त्र. मला ते यकृत अस्सल कोल्हापुरी वाटतं. मालक रात्रभर उपाशी आहे, हे त्याला बघवतच नाही.

इन्सुलिन येण्याआधी अशा आजाऱ्याला जवळजवळ उपाशी ठेवणं हाच उपाय होता. ११ जानेवारी १९२२ ला टोरोंटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली, आणि पेटंटचे हक्क शोधकर्त्यांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. आत्तीला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने डॉलरकडे लक्षच दिलं नाही. "पोरगं किती दिस उपाशी हुतं?" एवढंच विचारलं.

तिला आमच्या आजारातला एकच प्रसंग मनापासून आवडतो, साखर ७० च्या खाली जाण्याचा. मला घाम फुटतो, हात थरथरतात, शब्द घसरतात. आणि घरात एकदम अधिकृत लगबग सुरू होते. नियम असा, की तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा टोचून बघायचं. आत्तीला ते चमचे मान्य आहेत, थांबणं मान्य नाही. पंधरा मिनिटांत तिच्याकडून शेंगदाण्याचा लाडू आलेला असतो, पाठोपाठ दूध. वर्षभर परत नेलेल्या वाट्यांची वसुली ती त्या एका दुपारी करून घेते, आणि मग तासाभराने मी २६० वर पोचून पुन्हा पेन शोधत असतो.

आता दंडावर सेन्सर आहे. तो टोचत नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजतो, आणि आकडा फोनवर जातो. माझ्या आतेभावाच्या फोनवरही जातो. ही सोय मीच करून दिली. भावाने ती आत्तीला दाखवली. तेव्हापासून रात्री अकराला गावाकडून फोन येतो.

"झोपलास व्हय? ब्याऐंशी दावतंय."

"आत्ती, ब्याऐंशी चांगली असते गं."

"तुमच्यात आसल. काल शंभराच्या वर हुतास."

"आणि बाण आडवा आहे बघ. म्हणजे उतरत नाहीये."

पलीकडे थोडी शांतता. फोन भावाकडे गेल्याचा, चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज. मग पुन्हा आत्ती.

"आडवाच हाय. पर गुळाचा खडा उशाला ठेव. आनी त्यो पोराचा फोन मी माझ्याकडंच ठेवलाय."