रिकामा हंडा राजकीय असतो

जव्हार-मोखाड्यात हंडे वाटायला येणाऱ्या तमाम दानशूरांनी एवढं पथ्य पाळावं: हंडा द्यावा, तो भरणार कशाने हे विचारू नये.

हंडावाटप म्हणजे धर्मादाय. मंडप, शाल-श्रीफळ, हंड्याचा एक काठ ताईच्या हातात, दुसरा साहेबांच्या, आणि दोघांची नजर कॅमेऱ्यात. हंड्यावर साहेबांचा फोटो चिकटवलेला. साहेब ट्रस्टचे अध्यक्ष, साहेबच येत्या निवडणुकीतले इच्छुक. तरी उपक्रम निव्वळ सामाजिक. १९५० च्या विश्वस्त कायद्यात गरिबांचं दुःखनिवारण हा धर्मादाय हेतू आहेच. फोटो बघून कुणाचं दुःख वाढलं, तर त्याची नोंद करायला रजिस्टर नाही. देणगीदाराला करसवलतीची पावती मिळते, ती वेगळीच.

मग उन्हाळ्यात विहीर तळ गाठते. तोच हंडा, तोच फोटो, तीच ताई. ती तहसील कचेरीसमोर हंडा उपडा ठेवते आणि झालं, राजकारण! मोर्चाला जीप देणाऱ्या संस्थेला लगेच विचारणा: तुमच्या घटनेतल्या कुठल्या उद्दिष्टात मोर्चा बसतो?

परदेशी देणग्यांच्या २०११ च्या नियमांत तर यादीच होती: बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो. जनहितासाठी का होईना, पण हे वरचेवर करणारी संस्था राजकीय ठरवता येत असे. रेल रोकोपुरते आम्ही निर्दोष. दोन्ही तालुक्यांत रेल्वेच नाही. रास्ता रोको खड्डेच करतात, त्यांना कुणी नोटीस काढत नाही. आणि बंद म्हणाल तर नळ बारमाही बंद पाळतात, तेही कुणाच्या चिथावणीशिवाय. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने जनहितासाठी असे मार्ग धरले, म्हणून तिची परदेशी देणगी अडवता येणार नाही. निकाल दिल्लीहून निघालाय. घाट चढतोय, टँकरच्या मागोमाग.

आणि कसलं हो राजकारण? मध्य वैतरणेचं धरण मोखाड्याच्या हद्दीत, पाणी मुंबईला. त्याच मुंबईतून आम्हाला हंडे येतात! आमचं पाणी प्यायचं, आम्हाला भांडं पाठवायचं, वर टाळ्याही आम्हीच वाजवायच्या. हे बोललं की संस्थेचे हिशेब तपासायला घेतात. पाण्याचा हिशेब मात्र कुणी मागायचा नाही.

यंदा म्हणे हंड्यासोबत झाकणही देणार आहेत. फोटोला जागा कमी पडत होती.