अधिक माहितीसाठी डोळे बारीक करा

महाराष्ट्रात हल्ली कुठलाही छापील कागद क्यूआर कोडाशिवाय सुटत नाही. लग्नपत्रिकेत कुलदैवताच्या खालोखाल त्याचा मान असतो, व्याख्यानमालेच्या पत्रकावर तो अध्यक्षांच्या फोटोशेजारी बसतो आणि सोसायटीच्या नोटिशीवर सेक्रेटरींच्या सहीलाही बाजूला सारतो. स्थावर मालमत्ता क्षेत्राचं नियमन करणाऱ्या महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत तो सक्तीचा केला. योगायोगाने त्याच दिवसापासून देशातल्या ३०० औषधी ब्रँडच्या वेष्टनांवरही तो बंधनकारक झाला. तेव्हा कोड हवा की नको, हा वाद निकालात निघाला आहे. शंका एवढीच उरते, की तो कुणी वाचावा अशी छापणाऱ्याची मनापासून इच्छा आहे का? छापून येणारे नमुने पाहता, 'आम्ही कोड दिला होता' असं पुढेमागे म्हणता यावं, एवढाच हेतू दिसतो.

कोडाचा यात काही दोष नाही. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून. कारखान्यातलं तेल, मळ, ओरखडे सोसूनही तो वाचता यावा, अशी त्याची रचना आहे. त्याचे ४० आकार आहेत. सर्वांत लहान २१ गुणिले २१ चौकटींचा, सर्वांत मोठा १७७ गुणिले १७७ चा. मजकूर वाढला की कोड मुकाट्याने वरच्या आकारात जातो. तो तक्रार करत नाही, 'एवढं लांब नको' असंही म्हणत नाही. ही त्याची सोशिकता आपल्या संयोजन समित्यांच्या फारच पथ्यावर पडली.

आता समितीची लिंक कशी असते ते पाहा. आधी संकेतस्थळाचं नाव, मग कुणीतरी चार वर्षांपूर्वी पाडलेले पोटविभाग, मग कार्यक्रमाचं पूर्ण शीर्षक, त्यानंतर प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे वाचक कुठून आला हे मोजणारी यूटीएमची शेपूट. लिंक फेसबुकवरून उचलली असेल, तर शेवटी एफबीक्लिड नावाची लांबलचक अक्षरमाळही असते. म्हणजे चिटणीसांनी ती कुठून कॉपी केली याचा पुरावा हजार प्रतींत छापून घरोघर पोचतो. शीर्षक मराठीत ठेवण्याचा बाणा असेल तर मौज आणखी वाढते. लिंकमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं असा लिहिला जातो. 'महाराष्ट्र' या शब्दात काने आणि हलन्त धरून दहा चिन्हं आहेत, त्यांची लिंकमध्ये ९० अक्षरं होतात. अभिमान सार्थ आहे, पण तो पत्रिकेच्या दोन सेंटिमीटर कोपऱ्यात बसवायचा आहे.

हिशेब सोपा आहे. अशी १८० अक्षरांची लिंक मध्यम दुरुस्तीक्षमतेने, म्हणजे काही भाग बिघडला तरी कोड वाचता येण्याची सोय मध्यम ठेवून, छापली, तर ५३ गुणिले ५३ चौकटींचा कोड होतो. भोवतीची मोकळी जागा प्रत्येक बाजूला चार चौकटींची लागते. ती धरून दोन सेंटिमीटरच्या कोडात एका चौकटीच्या वाट्याला एक तृतीयांश मिलिमीटर येतो. तीच लिंक २४ अक्षरांवर आणली, तर कोड २५ गुणिले २५ वर उतरतो आणि चौकट ०.६ मिलिमीटरची होते. वृत्तपत्राच्या कागदावर शाई थोडी पसरतेच. ०.६ मध्ये ती खपून जाते. ०.३३ मध्ये शेजारशेजारच्या काळ्या चौकटी गळ्यात गळा घालतात आणि मुंग्यांच्या वारुळासारखं काहीतरी तयार होतं. आजोबा फोन पुढे नेतात, मागे आणतात, चष्मा पुसतात. नातू 'लाइटमध्ये धरा' म्हणतो. शेवटी कुणीतरी कार्यालयाला फोन करून रस्ता विचारतं, आणि पत्रिकेतल्या आधुनिकतेचं उद्यापन होतं.

यावर जाणकारांचं पहिलं उत्तर तयार असतं: कोडात दुरुस्तीची सोय आहे, तीस टक्के बिघडला तरी चालतो. खरं आहे. पण ही सोय धर्मादाय नाही, तिची किंमत चौकटींतच मोजावी लागते. आपल्याच १८० अक्षरांना सर्वोच्च दुरुस्तीक्षमता दिली, की कोड ७३ गुणिले ७३ वर जातो आणि चौकट पाव मिलिमीटरची होते. म्हणजे बिघाड सोसण्याची ताकद वाढवता वाढवता बिघाडाचीच सोय होते. त्यात कलाकार मंडळी मधोमध संस्थेचं बोधचिन्ह किंवा नेत्याचा हसरा चेहरा बसवून ती तीस टक्के राखीव शिल्लक छपाईआधीच खर्च करून टाकतात. ती शिल्लक मग कुणाच्या नावे राखीव होती, हे आपण समजून घ्यावं.

दुसरं उत्तर, 'मोठा छापू की'. जरूर छापा, जागा असेल तर. ढोबळ नियम असा, की कोडाची बाजू वाचणाऱ्याच्या अंतराच्या एक दशांश हवी. दहा मीटरवरून वाचायच्या फ्लेक्सवर कोड मीटरभराचा पाहिजे. तेवढी जागा करायची तर शुभेच्छुकांच्या निदान दोन ओळी उडवाव्या लागतील, आणि तसा प्रस्ताव मंडळाच्या बैठकीत मांडण्याइतका निधडा माणूस अजून कुणाला भेटलेला नाही. शिवाय लिंक छोटी असेल तर त्याच मीटरभरात चौकट मोठी होते. मोठा कोड हे लांब लिंकचं प्रायश्चित्त आहे, पर्याय नव्हे.

तिसरा आक्षेप गंभीर आहे: छोटी लिंक कुठे नेते ते कळत नाही, आणि दुकानातल्या पैसे घेण्याच्या कोडावर दुसराच कोड चिकटवणाऱ्या भामट्यांच्या काळात लोकांनी का विश्वास ठेवावा? इथे लिंक छोटी करा असं सांगणाऱ्यांनीच घोळ घातला आहे. ते म्हणतात, फुकटची सेवा आहे, चिकटवा आणि मोकळे व्हा. पण फुकट सेवेचा पत्ता भाड्याचा असतो आणि भाडेकरार दुसऱ्याच्या खिशात. गूगलने २००९ मध्ये स्वतःची लिंक छोटी करण्याची सेवा काढली, २०१८ मध्ये ती गुंडाळत असल्याचं सांगितलं, २०२४ मध्ये २५ ऑगस्ट २०२५ पासून जुन्या लिंकही बंद पडतील अशी तारीख दिली, आणि तारीख तोंडावर आल्यावर वापरात असलेल्या लिंकना जीवदान दिलं. एवढ्या धनाढ्य घरची ही कथा. शेवटी 'डॉट एलवाय' असलेले पत्ते तर लिबिया देशाचे. २०१० मध्ये तिथल्या नोंदणी यंत्रणेने 'व्हीबी डॉट एलवाय' ही लिंक छोटी करणारी सेवा नियमभंगाचं कारण देऊन बंदच केली. आपल्या वाचनालयाच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका त्रिपोलीच्या मर्जीवर चालावी, अशी कुणा विश्वस्ताची इच्छा असेल असं वाटत नाही. पण ठराव न करताच ते तसं करून बसतात.

तेव्हा लिंक छोटी करावी, पण स्वतःच्या पत्त्यावर. संस्थेचं संकेतस्थळ असतंच. त्याच्या नावापुढे तिरकी रेघ आणि दोन-चार अक्षरं, बस. ती अक्षरं कुठे न्यायची हे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने ठरवायचं. कार्यक्रमाचं पान बदललं तरी छापलेला कोड बदलत नाही. किती जण आले हेही तिथेच मोजता येतं, यूटीएमची शेपूट कागदावर छापायची गरज नाही. स्कॅन करताच फोनवर संस्थेचं नाव दिसतं, म्हणजे विश्वासाचा प्रश्नही बराचसा सुटतो. कंजूषपणाच करायचा तर पत्ता सगळा कॅपिटल अक्षरांत द्यावा. मग कोडात प्रत्येक अक्षराला आठाऐवजी साडेपाच बिट लागतात. संकेतस्थळाच्या नावाला लहान-मोठ्या अक्षरांचं सोयरसुतक नसतं, पुढच्या दोन-चार अक्षरांचं मात्र सर्व्हरवर आधी तपासून घ्यावं.

स्वतःच्या पत्त्याचं पथ्य एकच: नूतनीकरण चुकवायचं नाही. २०१५ मध्ये जर्मनीत हाइन्झच्या केचपच्या बाटलीवरचा कोड स्कॅन केल्यावर अश्लील संकेतस्थळ उघडलं. तो कोड ज्या स्पर्धेसाठी होता ती संपली, कंपनीने त्या पत्त्याची मुदत जाऊ दिली, तो दुसऱ्याने घेतला, बाटल्या मात्र लोकांच्या फ्रिजमध्ये होत्याच. आपल्याकडे लग्नपत्रिका फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, पण अभिनंदन ग्रंथ आणि स्मरणिका कपाटात वीस-वीस वर्षं राहतात. त्यांच्या हिशेबाने पत्ता सांभाळायला हवा. वर्षाचा खर्च सत्काराच्या एका शालीइतका येतो.

आणि नीट काम करून दाखवणारा नमुना शोधायला लांब जायला नको. बालभारतीच्या पुस्तकांतल्या 'दीक्षा' या शैक्षणिक मंचाच्या कोडाखाली सहा अक्षरांचा छोटा संकेत छापलेला असतो. कॅमेरा फुटका असला तरी मूल ती सहा अक्षरं दाबून धडा उघडू शकतं. एवढा विचार सरकारी पाठ्यपुस्तकात होतो आणि खर्चिक आर्टपेपरवरच्या माहितीपत्रकात होत नाही. मग तेच पत्रक चित्र म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, आणि हातातल्या फोनवरचा कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्याने कसा टिपायचा, या कोड्यात सगळा गट पडतो.

म्हणून संयोजकांना विनंती: प्रूफ संगणकावर पाहून 'ओके' म्हणू नका. ज्या कागदावर छापणार त्यावरच एक प्रत काढा, घरातल्या सर्वांत जुन्या फोनने संध्याकाळच्या उजेडात स्कॅन करा, आणि कोडाखाली तो छोटा पत्ता वाचता येईल अशा अक्षरांत छापा.